रोजगार हमीची स्थित्यंतरे आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक मंडळाच्या चिटणिसांनी मला दिली, तेव्हा समाजाचा पूर्वेतिहास अथवा विद्यार्थ्यांस उपदेश असा एखादा विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय थोर आहेत यात शंका नाही. तथापि आज मी रोजगार हमीसारखा काहीसा रुक्ष विषय आपणांपुढे मांडणार आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी अभियान (ग्रामीण)’ या नावाचा नवा कायदा संमत केला. वृत्तपत्रांतून ‘जी राम जी’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तोच हा कायदा. २००५ चा महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा काढून त्याच्या जागी हा आणला आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात आपल्या महादेव कोळी समाजाची जी शेकडो कुटुंबे राहतात, त्यांच्या चुलीशी या बदलाचा थेट संबंध आहे. मेळाव्यास आलेल्यांपैकी पुष्कळ जण पुण्या-मुंबईस नोकरीत स्थिरावले आहेत. त्यांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. म्हणूनच तो येथे मांडणे मला अगत्याचे वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. एक सरकारी व्यवस्था जाऊन दुसरी येते, तेव्हा दोन्ही कायद्यांतील कलमांची चर्चा सभागृहांतून पुष्कळ होते. परंतु गरिबाचे खरे नुकसान या दोन व्यवस्थांच्या सांध्यात होते. जुन्या रीतीची सवय अंगवळणी पडलेली असते, नवी रीत कोणी समजावून सांगितलेली नसते, आणि मधल्या काळात हक्क असूनही हात रिकामे राहतात. या सांध्यावर उभे राहून आपल्या माणसास पलीकडे नेणे हे समाजाच्या मंडळाचे काम आहे.

आता थोडा इतिहास पाहू. रोजगार हमीची कल्पना ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी होय. तिचे जनक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे. विधान परिषदेचे सभापतिपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले. मागेल त्याला काम, हे त्यांचे सूत्र होते. १९७२ साली राज्याने ही योजना हाती घेतली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर तो भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर गेली होती. खडी फोडणारे आईबाप आणि कामावर मिळणारी सुकडी यांची आठवण ज्यांना आहे असे वडीलधारे आजही सभेत बसलेले आहेत. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणे हा कायद्याने दिलेला हक्क ठरला. एवढी मोठी गोष्ट त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी झाली होती.

या योजनेस पैसा कोठून आला, हेही नोकरदार बंधूंनी लक्षात घ्यावे. १९७५ च्या कायद्याने राज्याने व्यवसाय कर बसविला. त्याचे उत्पन्न आणि तितकीच सरकारी भर यांतून मुख्यतः हा निधी उभा राहिला. आपल्या पगारपत्रकात दरमहा व्यवसाय कराची जी लहानशी वजावट दिसते, तिच्या मुळाशी हा हेतू होता. मी शिक्षक म्हणून नोकरीस लागलो तेव्हा या वजावटीबद्दल कुरकूर करणारे सहकारी होते. आपल्या वर्गातील मुलांच्या आईबापांची मजुरी त्याच पैशातून येते, हे ध्यानात आल्यावर ती कुरकूर थांबली.

त्या पहिल्या व्यवस्थेची रीत कशी होती? कामाची जबाबदारी जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्याकडे असे. पाटबंधारे, वन, बांधकाम, कृषी अशी खाती कामे काढीत. नवे काम उघडण्यास साधारणतः पन्नास मजूर लागत. मुकादम येई, मस्टर भरले जाई, मोजमाप होऊन कामाच्या दराप्रमाणे मजुरी हातावर पडे. स्त्रीपुरुषांस दर एकच होता. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर असावे, असे नियम होते. दिवसांची मर्यादा नव्हती. या व्यवस्थेत दोषही होते. खोटी मस्टरे भरल्याच्या तक्रारी झाल्या, मोजमापात कमीजास्त झाले, मजुरी रखडली, आणि पन्नास माणसांची अट दहा-पंधरा घरांच्या वाडीस जाचक ठरे. असे असले तरी आपल्या माणसास ती रीत कळत होती. काम निघाले की गावात बोभाटा होई, आणि पाटी-फावडे घेऊन लोक जात.

दुसरे स्थित्यंतर २००५ च्या केंद्रीय कायद्याने आले. तो २ फेब्रुवारी २००६ पासून देशातील दोनशे जिल्ह्यांत लागू झाला. त्यात शेजारचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा होता. पुणे जिल्हा नव्हता. आपल्याकडे तो १ एप्रिल २००८ रोजी आला. राज्याचा १९७७ चा कायदा त्या वेळी रद्द झाला नाही. तो सुधारण्यात आला. शंभर दिवसांपर्यंतच्या मजुरीचा खर्च केंद्राकडे गेला आणि त्यापलीकडील दिवसांचा भार राज्याने आपल्याकडे ठेवला.

कागदावर पाहता ही व्यवस्था मजुराच्या अधिक जवळ आली होती. कामाचे केंद्र तहसील कचेरीतून ग्रामपंचायतीत आले. ग्रामरोजगार सेवक नेमला गेला. कुटुंबास जॉबकार्ड मिळाले. मजुरी बँकेच्या किंवा टपाल कचेरीच्या खात्यात जमा होऊ लागली. ग्रामसभेने कामांची निवड करावी आणि सामाजिक अंकेक्षण व्हावे, अशी तरतूद झाली. परंतु एक मूलभूत फरक आपल्या वाड्यावस्त्यांवर फार उशिरा उमगला. पूर्वी काम निघे आणि माणसे जात. आता माणसाने लेखी मागितल्याखेरीज काम निघत नव्हते. जुन्या सवयीप्रमाणे लोक काम निघण्याची वाट पाहत बसले. अर्ज नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून काम नाही, असे चक्र सुरू झाले. तालुक्याच्या कागदपत्रांत नोंद मात्र अशी झाली की, या गावात कामाची गरजच नाही! त्याच महिन्यांत त्याच गावांतील तरुण जोडपी नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर पहाटे उभी असत.

वर्गात उभे राहणाऱ्यास हे दुष्टचक्र वेगळ्या रूपाने दिसते. भातकापणी आणि झोडणी उरकली की आमच्या शाळेच्या हजेरीपटावर रिकाम्या जागा वाढत. मुले आईबापांबरोबर खाली बागायतीत गेलेली असत. कोणी कांद्याच्या लावणीस, कोणी द्राक्षाच्या मळ्यात. शिमग्याला परत आलेले मूल पाढे विसरून आलेले असे. वडिलांना गावातच दोन महिने काम मिळाले, तर त्याच मुलाचे वर्ष वाचे. शिक्षणावर आपण मंडळात एवढे बोलतो; परंतु गावातील मजुरीचा आणि मुलाच्या हजेरीचा हा संबंध आपण पुरेसा ओळखलेला नाही.

उलट, जेथे लोकांनी मागणी केली तेथे काय घडू शकते, याचे उदाहरणही याच डोंगरांत आहे. आपल्याकडे पडकईची जुनी चाल आहे. उतारावर दगडी बांध रचून, माती अडवून भाताचे खाचर तयार करावयाचे, आणि हे काम एकमेकांच्या शेतावर सावडीने करावयाचे. डिंभे धरणाच्या परिसरात आनंद कपूर व कुसुमताई कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने धरणग्रस्त आदिवासींच्या बरोबरीने या कामास चालना दिली आणि ते सरकारी योजनांत बसविण्याचा आग्रह धरला. २०१२ साली या संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या कामात मजुरीही मिळते आणि स्वतःचे खाचरही तयार होते, त्याहून उत्तम रोजगार कोणता? ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले. त्यानंतर यंत्रांनी डोंगरउतार कापण्याच्या प्रकारावर बरीच चर्चा झाली. माणसांच्या हातांनी, उताराचा कल पाहून रचलेला दगडी बांध आणि यंत्राने ओरबाडलेला डोंगर यांतील भेद आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. रोजगाराची कामे निवडताना तो आपणही विसरता कामा नये.

पुढील काळात याच व्यवस्थेत आणखी लहानलहान बदल होत गेले. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाईलवर छायाचित्र काढून घेणे सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यातच देण्याचा नियम लागू झाला. चोरी थांबावी हा हेतू चांगलाच होता. परंतु ज्या खोऱ्यात मोबाईलला रेंज मिळविण्यासाठी टेकाडावर चढावे लागते, तेथे काम करूनही हजेरी न लागण्याचे प्रसंग आले. कार्डावर नाव ‘लक्ष्मीबाई’, आधारवर ‘लक्ष्मी’, आणि बँकेत आडनावाची काना-मात्रा निराळी. एवढ्यावरून पैसे अडले. एका वाडीतील विधवा भगिनीचे तीन आठवड्यांचे पैसे अशाच फरकामुळे अडकून पडले होते. तिने चार वेळा खाली जाऊन यावे आणि प्रत्येक वेळी तिला नवा कागद सांगितला जावा, असे चालले होते. अखेरीस शहरात कारकुनी करणारा तिचा पुतण्या दिवाळीस गावी आला, त्याने तिन्ही कागद एकत्र ठेवून अर्ज लिहिला, आणि काम झाले. कायदा तोच होता. शिकलेल्या माणसाचा अर्धा दिवस तेवढा त्याला हवा होता.

आता तिसरे स्थित्यंतर. नव्या कायद्यातील मुख्य गोष्टी आपण शांतपणे समजून घेऊ. पहिली, कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. महाराष्ट्रात २०२५–२६ या वर्षी रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने हिशेब केला तर शंभर दिवसांचे ३१,२०० रुपये होतात आणि १२५ दिवसांचे ३९,००० रुपये. म्हणजे ७,८०० रुपयांचा फरक. डोंगरातील कुटुंबास ही रक्कम लहान नव्हे. दुसरी, खर्चाची वाटणी बदलली आहे. पूर्वी अकुशल मजुरीचा सर्व भार केंद्रावर होता; नव्या कायद्यात आपल्यासारख्या राज्यांसाठी साठ टक्के केंद्राने आणि चाळीस टक्के राज्याने द्यावयाचे आहेत. शिवाय प्रत्येक राज्यासाठी केंद्र वर्षाची रक्कम ठरवून देणार आणि त्यावरील खर्च राज्याने सोसावयाचा. तिसरी, कामे ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून यावयाची असून जलसुरक्षा, ग्रामीण पायाभूत सोयी, उपजीविकेची साधने आणि अतिवृष्टी-दुष्काळासारख्या आपत्तींपासून संरक्षण, असे त्यांचे चार वर्ग केले आहेत. चौथी, पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात मिळून साठ दिवस ही कामे बंद ठेवावयाची आहेत, आणि ते दिवस राज्याने आधी जाहीर करावयाचे आहेत.

या बदलांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दिवस वाढले याचे काहींनी स्वागत केले. मागणीनुसार पैसा मिळण्याची जुनी हमी सैल झाली, असे इतरांचे म्हणणे आहे. मला स्वतःला दुसऱ्या आक्षेपात तथ्य वाटते. ठरावीक रकमेची थैली संपत आली की देणारा हात आखडतो, हा व्यवहार आहे. अशा वेळी जे गाव वर्षारंभीच लेखी मागणी नोंदवील त्यास काम मिळेल, आणि जे गाव वाट पाहील ते मागे राहील. २००८ साली जे घडले ते पुन्हा घडावयास नको असेल, तर आपण आतापासूनच हालचाल केली पाहिजे.

चौथ्या मुद्द्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. साठ दिवसांची ही बंदी शेतीस मजूर मिळावेत म्हणून आहे. परंतु शेती कोणाची? आपल्या दोन्ही तालुक्यांत पूर्वेस आणि पश्चिमेस दोन निराळी जगे आहेत. पश्चिमेस पावसाचे भात, नाचणी आणि वरई. आवणीचा जोर आषाढात असतो, कापणी दिवाळीच्या आगेमागे. त्या दिवसांत आपला माणूस स्वतःच्याच खाचरात असतो. तेव्हा काम बंद राहिले तर त्याचे फारसे बिघडत नाही. पूर्वेस नारायणगाव, मंचर या बाजूस कालव्याच्या पाण्यावर कांदा, ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो. तेथील मजुरीचा भर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात असतो, आणि नेमके तेच दिवस आपल्या वाड्यांवर रिकामे असतात. हे साठ दिवस बागायतीचा हंगाम पाहून ठरले, तर आपल्या माणसापुढे खाली उतरण्यावाचून दुसरा मार्ग राहणार नाही, आणि हजेरीपटावरील त्या रिकाम्या जागा कायम राहतील. पूर्वेकडील शेतकरी बांधवांशी आपले वैर नाही. त्यांच्या मळ्यांनी आपल्या पुष्कळ कुटुंबांना जगविले आहे. परंतु मजुराने कोठे राबावे हे त्याने स्वतः ठरवावे, यासाठीच तर हमी असते. वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे दिवस जाहीर करण्याची मुभा नव्या कायद्यात आहे. म्हणून आपल्या प्रत्येक ग्रामसभेने ठराव करावा की, आमच्या गावापुरती ही बंदी आवणी आणि भातकापणी या काळातच असावी. आपली पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेच्या शब्दाला विशेष वजन दिले आहे. ते वजन वापरल्यावाचून गंजते.

आता मंडळाने काय करावे, याविषयी माझ्या चार सूचना आहेत.

पहिली सूचना कागदांची. प्रत्येक वाडीसाठी शिकलेल्या एका तरुणाने अथवा तरुणीने जबाबदारी घ्यावी. प्रत्येक कुटुंबाचे जॉबकार्ड, आधार आणि बँकेचे पुस्तक समोर ठेवून नावे व अक्षरे जुळतात की नाही ते पाहावे. लग्न होऊन विभक्त झालेल्या मुलांची स्वतंत्र नोंद झाली आहे की नाही, हेही तपासावे. ज्यांना वनहक्काचा दावा मंजूर होऊन पट्टा मिळाला आहे अशा आदिवासी कुटुंबांस २०१४ पासून आणखी पन्नास दिवसांची सवलत दिली गेली होती. अशा कुटुंबांची यादी निराळी करून ग्रामसभेपुढे ठेवावी.

दुसरी सूचना मागणीची. काम तोंडी मागू नये. अर्ज लिहावा, त्यावर दिनांक घालावा आणि दिनांकासह पोच घ्यावी. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर बेरोजगार भत्त्याचा हक्क उत्पन्न होतो. २००५ च्या कायद्यात हा भत्ता पहिल्या तीस दिवसांस मजुरीच्या निदान एक चतुर्थांश आणि त्यानंतर निदान निम्मा होता. ३१२ रुपयांच्या दराने तो अनुक्रमे ७८ आणि १५६ रुपये होतो. पोच नसेल तर हा सारा हिशेब हवेत राहतो. भत्त्याची तरतूद नव्या कायद्यातही आहे, आणि पोचेची किंमतही तीच आहे. एक व्यवस्था जाऊन दुसरी आली, तरी दिनांक घातलेली पोच कधी निरुपयोगी झालेली नाही.

तिसरी सूचना कामांच्या निवडीची. आराखडा तयार होण्यापूर्वी गावकऱ्यांनी बसून यादी करावी. पडकईची खाचरे, दगडी बांध, उन्हाळ्यात आटणाऱ्या झऱ्यांची दुरुस्ती, हिरड्याची लागवड, वाडीपर्यंतची वाट अशी कामे आपल्याला हवीत. ही कामे आपण सुचविली नाहीत तर दुसरे कोणी आपल्यासाठी सिमेंटची कामे सुचवील, आणि त्यात मजुरी थोडी व साहित्याचा खर्च मोठा असेल.

चौथी सूचना नोकरदार बंधुभगिनींना. वर्षातून दोनदा आपण गावी जातो. एकदा यात्रेला, एकदा दिवाळीला. त्या मुक्कामातील एक दिवस आपण भावकीच्या कागदांसाठी राखून ठेवावा. आणि मंडळास माझी विनंती की, या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जी शिल्लक राहते, तिचा काही अंश अर्जांचे नमुने छापण्यासाठी, छायाप्रतींसाठी आणि खाली कचेरीत जाणाऱ्या निराधार भगिनींच्या गाडीभाड्यासाठी काढून ठेवावा. ही रक्कम थोडी असली तरी तिचे फळ मोठे आहे. आपल्या शेजारी राहणाऱ्या ठाकर व कातकरी बांधवांनाही या मदतीतून वगळू नये. डोंगर सर्वांचा एकच आहे.

रोजगार हमीवर जाणे कमीपणाचे आहे, अशी समजूत अलीकडे आपल्या सुशिक्षितांत डोकावू लागली आहे. ती मनातून काढून टाकावी. या मंडळाच्या सभासदांत जे शिक्षक, कारकून, पोलीस, परिचारिका झाले, त्यांतील अनेकांच्या वह्यापुस्तकांचे पैसे कोणाच्या तरी पाटी-फावड्यातूनच आले आहेत. ज्या कायद्याने ती मजुरी मिळाली, तो बदलला, यापुढेही बदलेल. बदलाच्या प्रत्येक वेळी आपल्या वाडीतील शेवटच्या घरापर्यंत नवी रीत पोहोचली की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे, आणि त्याचा आरंभ येत्या ग्रामसभेपासून व्हावा.